भाकरीच्या डब्यातली शिदोरी

सदाशिव मास्तर फ्लॉपी भाकरीच्या डब्यात घालून आणायचे. धूळ लागत नाही म्हणे. गोष्ट अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची. बोथ गावी माझ्या टायपिंगच्या वर्गात दोन जुने कॉम्प्युटर होते आणि त्यांवर मास्तर पोरांना वेबपेज बनवायला शिकवत. फ्लॉपीचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'शिदोरी'.

आधी पोरांचा निम्मा तास प्रोग्राम शोधण्यात आणि फोल्डर बनवण्यातच जाई. मास्तरांनी युक्ती काढली. शिदोरी घालायची, इंग्रजी अक्षरांत 'चल' टाईप करायचं, की लिहायची खिडकी आणि पान दिसायची खिडकी आपोआप उघडत.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, थोडं धडपडू द्या ना पोराइले."

मास्तर उखडले. "सैपाक शिकाले आलेल्याले लाकडं फोडाले काऊन लावता? चूल पेटलेलीच पायजे!"

हे ते दिवसातून दहादा ऐकवत. माझे तर कान किटले होते.

तलमडुगु गावाहून सुनंदा शिकायला यायची. येणाऱ्या आणि जाणाऱ्या बसच्या मध्ये तिला एकच तास मिळे. वडिलांनी बजावलं होतं, शनिवारी येऊन पाहतो, काही दिसलं नाही तर वर्ग बंद.

शनिवारी वडील येऊन बसले. मास्तरांनी ऐटीत डबा उघडला. आत दोन भाकरी आणि ठेचा! घरी डब्यांची अदलाबदल झाली होती; शिदोरी मास्तरीणबाईंसोबत कापूस वेचायला गेली होती. मास्तर सायकलवर टांग मारून शेताकडे सुटले. मी पाहुण्यांना भाकरी वाढली, दुसरं काय करणार?

मास्तर परतले तेव्हा बसला वीस मिनिटं उरली होती. मिशीला कापूस चिकटलेला. सुनंदाने 'चल' टाईप केलं आणि भराभर लिहीत सुटली. पडद्यावर तिचं नाव आलं, खाली वडिलांचं, मग गावाचं. तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला.

"येऊ दे पोरीले," ते म्हणाले. "पण मास्तर, तुमच्या नावाचं पान दाखवा ना."

मास्तर खाली बघू लागले. "माहं नाही जी. हैदराबादले हेच शिकाले गेलतो. चार दिवस नुसतं मशीनच लावून राह्यलो, पानापर्यंत पोचलोच नाही. पोरं हासले. पाचव्या दिवशी गाडी धरून घरी आलो. मंग शिकलो कसंबसं, पण सोतासाठी हिंमतच नाही झाली."

मी त्यांच्या डब्याला किती हसलो होतो! मला फार वाईट वाटलं.

बाहेर बसने हॉर्न दिला. वडील जागचे हलले नाहीत. सुनंदा उठली आणि तिने आपली खुर्ची मास्तरांकडे सरकवली.

"बसा मास्तर. चूल पेटलेली हाय."