एकही तक्रार नाही

ग्रंथालयाने अनुदानासाठी पाठवलेला ईमेल आल्या पावली परत फिरला, तेव्हा ग्रंथपालबाईंना पहिला संशय आला तो स्वतःच्या नवऱ्याचा. संशय खरा होता. अनुदान देणाऱ्या कार्यालयातली मेलची व्यवस्था त्यांचे यजमानच पाहत. फालतू मेल अडवण्याचं काम त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की सगळे त्यांना 'फौजदार' म्हणत. त्यांना ते आवडे, हेच वाईट.

"अहो, आमचा मेल का अडवलात?"

"तुमच्याकडून मागे केस वाढवायच्या तेलाची जाहिरात आली होती."

"कुणीतरी आमचा कॉम्प्युटर हॅक केला होता! केव्हाच दुरुस्त केलाय तो."

"डाग तो डागच. काळ्या यादीतून नाव काढायचं तर तसा अर्ज करा."

"कसा?"

"मेलने."

"तो पोचेल?"

"नाही." फौजदारांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

अनुदान नाही मिळालं तर मुलांचा वाचनकक्ष बंद होणार होता, आणि शुक्रवारी मुदत संपत होती. बाईंनी अर्ज छापून नवऱ्याच्या डब्याखाली ठेवला. "आम्ही कागद घेत नाही," म्हणत त्यांनी तो संध्याकाळी परत आणला. मग बाईंनी स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवला. पत्ता बदलून येणं ही सराईतांची जुनी खोड, म्हणून तो पत्ताही यादीत गेला. कार्यालयात फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "मेल करा."

रात्री जेवताना बाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, मी तुमच्यासमोर बसलेय. मी कोण ते माहितेय ना तुम्हाला?"

"घरी माहितेय. आणि बायकोला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

शुक्रवार उलटला. वाचनकक्षातल्या बुटक्या खुर्च्या एकावर एक रचताना बाईंना रडू आलं, आणि संताप त्याहून जास्त आला. असली माणसं लाच खात नाहीत, तेवढ्यावर जग त्यांना सज्जन म्हणतं!

त्याच महिन्यात फौजदारांना बढती मिळाली. साहेब भर सभेत म्हणाले, "वर्षभरात यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही!" तक्रारी अर्थात मेलनेच करायच्या असत.

फौजदार फुलून घरी आले. बाई पुस्तक वाचत होत्या.

"अगं, एवढी बढती मिळाली. अभिनंदनाचा एक शब्दसुद्धा नाही?"

"दुपारीच पाठवलंय की," पान उलटत बाई म्हणाल्या. "पोचलं नाही?"