पिकअपचा ठरलेला भाव

सुदेशचा मूळ विचार अगदी लहान होता. एक जुनी तीनचाकी घ्यायची, तिच्यात मासळीचे चार क्रेट मावले म्हणजे झालं.

त्याची बायको पद्मावती रोज सकाळी मालवणच्या बंदरावर लिलावात मासळी उचलते आणि कुडाळच्या बाजारात नेऊन विकते. गेली अकरा वर्षं मासळी न्यायला भाड्याचा टेम्पो होता. त्या टेम्पोवाल्याने एका बुधवारी वाटेत चहासाठी गाडी थांबवली आणि तिथे त्याला त्याचा मेहुणा भेटला. मेहुण्याच्या घरच्या सगळ्यांची चौकशी होईपर्यंत इकडे बर्फाचं पाणी झालं आणि क्रेटमधल्या सौंदाळ्यांचा चिखल. पद्मावती त्या दिवशी घरी आली ती एक शब्द न बोलता. (ती ओरडली तर सुदेश घाबरत नाही. गप्प बसली की घाबरतो.) संध्याकाळी जेवताना ती एवढंच म्हणाली, "आता आपली गाडी होयी."

सुदेश मच्छीमार सोसायटीत कारकून. सोसायटीची जीप तो अधूनमधून चालवतो, म्हणून गाड्यांतलं आपल्याला कळतं असं त्याचं मत आहे. (जीपचं मत कोणी विचारलेलं नाही.) त्याने रात्रंदिवस मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी तीनचाकी त्याच्या मनातून उतरली. तीनचाकी वळणावर कलंडते म्हणे. आठवड्याने छोटा चारचाकी टेम्पोही उतरला. पंधराव्या दिवशी सुदेश पोचला तो थेट मोठ्या पिकअपवर. नऊ फुटी हौदा, दीड टन माल, पुढे तिघं ऐसपैस. चार क्रेट कुठल्या कुठे राहिले.

एका रविवारी पद्मावती बाजारातून आली तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या सहा खुर्च्या लांबलचक मांडलेल्या आणि सर्वांत पुढच्या खुर्चीवर नवरा एकटाच बसलेला.

"कोण येवचे आसत?" तिने विचारलं.

"कोण नाय. पिकअप हंय रवता काय बघतंय."

पद्मावतीने कपड्यांची दोरी सोडून मागच्या दारी बांधली. तिचीही तयारी होती याची खूण एवढीच.

पैसे तिचे होते. गाडी बघायचं काम तिने सुदेशकडे दिलं आणि भावाचं तेवढं आपण बोलू म्हणाली. तेच सुदेशला लागलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्याने आणलेल्या एकाही वस्तूकडे बघून ती "स्वस्त पडली" असं म्हणाली नव्हती. तिचा एकच प्रश्न असतो, "कितक्याक?" आणि सुदेश खऱ्या किमतीला दोनाने भागून उत्तर देतो. गेल्या वर्षी त्याने सातशेची छत्री आणून साडेतीनशे सांगितले. पद्मावतीला तो भाव इतका पसंत पडला की तिने बाजारातल्या मैत्रिणींसाठी आणखी पाच मागवल्या आणि तेवढेच पैसे मोजून हातावर ठेवले. (छत्र्या आल्या. कशा आल्या, ते त्याचा दिवाळीचा बोनसच जाणे.)

तेव्हा या खेपेला आपण भाव पाडायचाच, तोही तिच्यादेखत, असा त्याने निश्चय केला. सोसायटीच्या कामाचं निमित्त काढून तो एकटाच बांद्याला गेला. तिथे हायवेला लागून गुरुप्रसाद शेट जुन्या गाड्या विकतो. आवारात आंब्याच्या झाडापलीकडे ती उभी होती. पांढरीशुभ्र, चार वर्षं वापरलेली, मोठी पिकअप. सुदेश आत चढला, स्टिअरिंग धरलं आणि हसू लागला. सगळ्या व्हिडिओंत सांगितलं होतं की गाडी बघताना चेहरा कोरा ठेवावा. त्याने गाल आतून चावून पाहिले. तरी हसू येतच राहिलं.

गिऱ्हाईक स्टिअरिंग धरून हसायला लागलं की गुरुप्रसाद शेट भाव फारसा सोडत नाही. सव्वापाचाची गाडी पावणेपाच लाखांना ठरली. दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून सुदेशने तिथल्या तिथे मोबाइलवरून दहा हजार बयाणाही पाठवला. मग तो अगदी ऑफिसातल्या मराठीत म्हणाला, "शेट, एक विनंती आहे. गुरुवारी मी मिसेसना घेऊन येईन. तुम्ही सव्वापाच सांगा. मी साडेचार म्हणेन. तुम्ही नाही म्हणा. मी उठून चालू लागेन आणि त्या आंब्यापाशी पोचलो की तुम्ही हाक मारून पावणेपाच म्हणा."

"म्हणजे आता ठरलेत तेवढेच?"

"तेवढेच."

"मग हाक कशाला मारायची?"

सुदेशने त्याला छत्र्यांची हकीकत सांगितली. गुरुप्रसाद शेटचंही लग्न झालेलं होतं. त्याला पटलं.

गुरुवारी एसटीत बसल्यावर सुदेशने बायकोला बजावलं, "तू मदी काय बोला नको. गाडयेचो वेवार म्हावऱ्याच्या लिलावासारको नसता."

"बरा," पद्मावती म्हणाली.

गुरुप्रसाद शेटने खुर्च्या पुसून दिल्या, थंड पाणी आणवलं. "डॉक्टरांची गाडी आहे, वहिनी. रविवारी बागेतले आंबे तेवढे आणायचे. किंमत सव्वापाच."

 पद्मावती उठली आणि गाडीभोवती फिरली. सुरमईचं पोट दाबून बघावं तसा तिने टायर अंगठ्याने दाबला. कल्ले उघडून बघावेत तसं बॉनेट उघडायला लावून आत बघितलं. मग साडी खोचून हौद्यात चढली, तळाच्या रबरी मॅटचं एक टोक उचललं आणि वाकून वास घेतला.

"डॉक्टर बांगडे इकत होतो काय?"

गुरुप्रसाद शेटने सुदेशकडे बघितलं. सुदेशने आंब्याकडे बघितलं.

"वहिनी, जुन्या गाडीला थोडा वास असतोच."

"वास नाय म्हणूक नाय मी. बांगड्याचो आसा म्हणतंय. आणि खाऱ्या पाण्यान खालचो पत्रो खाल्ल्यान, तो बगा." तिने मॅट आणखी उचलली. खाली गंजाचा चांगला नकाशा उमटलेला होता.

आपलं नाटक सुरू होण्याआधीच पडणार अशी सुदेशला भीती वाटली. त्याने घाईघाईने आपलं वाक्य म्हटलं. "शेट, साडेचार देऊ."

"नाही परवडत," शेटही सुटल्यासारखा म्हणाला.

"मग आम्ही निघतो. चल गो."

दोघं चालू लागली. आंबा आला. ठरल्याप्रमाणे सुदेश थांबला. ठरल्याप्रमाणे मागून हाक आली, "अहो, पावणेपाच द्या."

सुदेशने छाती पुढे काढून बायकोकडे वळून बघितलं. बायको तिथे नव्हती. आंब्यापाशी थांबायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती वीस पावलं पुढे गेली होती.

"अगो, आयकलंस काय? पन्नास हजार खाली इलो तो."

"इलो तर येवंदे," ती न वळता म्हणाली.

"साडेचार," मागून आवाज आला. शेटचं हे वाक्य नाटकात नव्हतं. गिऱ्हाईक खरोखरच निघालं की त्याचा आवाज आपोआप उतरतो, तो बिचारा काय करणार.  सुदेशने बयाणा पावणेपाचावर दिलेला, आणि इथे भाव त्याच्याही खाली घसरत होता. आता शेट काय बोलून बसेल याचा नेम नाही.

"आता रव," तो पद्मावतीमागे धावत म्हणाला. "इतक्या खाली बरा दिसना नाय. तेकाय दोन पैसे मिळूक होये."

"तुमी कोणाच्या बाजून आसास?"

 जगात भाव वाढवून मागणारं पहिलंच गिऱ्हाईक सुदेश असावा. "साडेचार बरे आसत," तो काकुळतीने म्हणाला. "पावणेपाचय वायट नाय."

"चार तीस," मागून आवाज आला.

पद्मावती हायवेच्या कडेला पोचली आणि येणाऱ्या एसटीला तिने हात केला. ते बघून गुरुप्रसाद शेट चपला हातात घेऊन धावत आला. आता त्याची शोरूममधली मराठी पार सुटली होती.

"वैनी, माका दोनय बाजून मारू नका. तुमच्या घोवान सोमवारीच पावणेपाच कबूल केल्यानी. धा हजार पण धाडल्यानी."

पद्मावती तेव्हा पहिल्यांदा थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. एसटी आली, दार उघडलं, कंडक्टरने तिघांचे चेहरे बघितले आणि डबल बेल दिली. सुदेशला त्या गाडीत चढून एकट्याने कुठेही जायला आवडलं असतं.

"धा हजार तुमका पावले?" तिने शेटला शांतपणे विचारलं.

"पावले."

"मगे उरले चार लाख. कागद माझ्या नावान करा."

 गाडीत डॉक्टर कधी बसलाच नव्हता आणि बांगड्याचा वास चालवून घेणारं दुसरं गिऱ्हाईक लवकर मिळणार नव्हतं, हे गुरुप्रसाद शेटला माहीत होतं. चार लाख दहा हजारांवर सौदा मिटला.

कागदपत्रं होऊन गाडी ताब्यात मिळायला आठवडा गेला. ती आणायच्या दिवशी जाताना सुदेश अख्खी वाट एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसला. पण गाडी हायवेला लागली, चौथा गिअर पडला आणि त्याला पुन्हा हसू फुटलं. या खेपेला त्याने ते अडवलं नाही. उंच सीटवरून पद्मावती लोकांच्या कुंपणांपलीकडच्या केळी, विहिरी, वाळत घातलेले कपडे बघत होती. कुडाळच्या बाजारावरून जाताना तिने त्याला गाडी मुद्दाम सावकाश चालवायला लावली आणि खिडकीतून हात बाहेर काढून दोन-तीन ओळखीच्या बायकांना हाक मारली. एक तर तराजू सोडून रस्त्यावर बघायला आली.

घाटीच्या उतारावर ती म्हणाली, "गाडी मात्र बरी बघल्यात."

बावीस वर्षांत पहिल्यांदा. सुदेशने ते वाक्य दोनदा मनात म्हणून घेतलं आणि "मात्र" हा शब्द काढून पुन्हा म्हटलं.

पुढच्या रविवारी शेजारचा शिवा दारात आला. त्याला होडीसाठी जुनं मशीन घ्यायचं होतं. पद्मावती चुलीपाशी होती, म्हणून सुदेशने सवयीने आत हाक मारायला तोंड उघडलं.

"वैनी नको," शिवा म्हणाला. "आदी तुमीच होये. तुमच्याशिवाय माझा काम होवचा नाय."

सुदेशला भरून आलं. तो आत गेला, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, चष्मा पुसला. अशा वेळी काय बोलायचं असतं ते आठवत बाहेर आला.

"माका काय करूचा आसा?"

"काय नाय," शिवा म्हणाला, "तुमी मशीन बगा आणि तुमच्या मनाक पटात तो भाव ठरवन येवा."

"आणि मगे?"

"मगे त्या भावासून खाली वैनी सुरू करतली."