शिवाआबाची न्हाणी

शिवाआबा दगड विकत घ्यायच्या आधी त्याच्यावर पाय पसरून बसायचा. दिघीच्या खाणीवर, भर उन्हात, धोतर गुडघ्यापर्यंत ओढून, दोन्ही पाय सरळ पुढे. मग तांब्याभर पाणी ओतून त्यावर अनवाणी चालायचा. पाथरवट वैतागला, "आबा, दगड घ्यायचाय का देव बसवायचाय?" तर म्हणे, "पायाला इचारावं, डोळ्याला न्हाई."

हा माझा चिंचवडचा शेजारी. जन्मभर रेल्वेत गँगमन, आता पेन्शनीत. बायको वारलेली, लेक खेडला दिलेली, घरात एकटा. आणि या गड्यानं न्हाणीच्या फरशीपायी सहा महिने घालवले. पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या साहेबांच्या बंगल्यात बसवतात तसल्या रंगीत लाद्या मी त्याला सुचवल्या. म्हणाला, "लोण्यावानी हायेत. पाय ठिवला की मानूस थेट वैकुंठात." शहाबादी फरशी? "दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळ." शेवटी छिन्नीनं टाकी लावून खरखरीत केलेला काळा दगड बसवला. पाणी क्षणात वाहून जाईल असा उतार. घासायला नको, पुसायला नको. पवनेच्या काठचा कातळ घरात येऊन बसलाय असं वाटावं.

आणि वाटायचंही तसंच, हेच माझं दुखणं. खोटं कशाला बोलू, मी जळलो. मी शाळेत मास्तर, माझ्या न्हाणीत शहाबादी, आणि दर रविवारी राख-काथ्या घेऊन मी उकिडवा. बायको दोनदा घसरली होती. त्यात आमची सुमन मार्गशीर्षात पहिल्या बाळंतपणाला यायची होती. "पोर पडली तर बघा," बायकोनं बजावलं. "त्या आबाला जे कळलं ते तुम्हाला शिकून कळलं नाही." हे तिनं शेजारणीसमोर म्हटलं.

शेवटी नाक मुठीत धरून खाणवाल्याचं नाव विचारायला गेलो. तरी जीभ वळवळलीच. "आबा, एकट्या जिवाला एवढी न्हाणी कशाला हो?"

"माज्यासाठी कुटं? लेकीच्या बाळतपनासाठी बांधली," आबा म्हणाला. "घरात बाईमानूस न्हाई. म्हनलं, नातवाला आपनच पायावर घिऊन न्हाऊ घालू. तसं बसायची सवय करत हुतो."

माझा चेहरा उतरला असावा. "मग कधी येतेय ती?"

"झाली की बाळंतीन, गेल्या म्हैन्यात. खेडलाच. सासू म्हनली, बाई न्हाई त्या घरी सून कशी धाडू? तिचं बी खरं हाय."

मला स्वतःची लाज वाटली. खाणवाल्याचं नाव विचारायचंही राहून गेलं. आबानं बादलीभर पाणी दगडावर ओतलं आणि ते मोरीतून बाहेर जाईपर्यंत बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"मास्तर, तुमच्या सुमीला हितंच धाडा अंगुळीला. बाळालाबी. बायका येतील त्या येळंला मी देवळात जाऊन बसत जाईन."