चालू घराचं स्थलांतर

चालू यंत्र एका जागेवरून उचलायचं, दुसऱ्या जागी ठेवायचं आणि त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, हा माझा धंदा आहे! तेव्हा एक घर हलवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. अशी ठणकावून सांगितलेली माझी बरीच वाक्यं तिच्याकडे जमा आहेत. ती वेळ बघून एकेक वटवते.

ऑफिसात आमच्याकडे एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक भाडेकरूसारखे राहतात. मोठा दुरुस्तीला काढायचा, की भाडेकरूंना दुसरीकडे हलवायचं, तेही काम चालू असताना! युक्ती अशी, की आधी नुसता भाडेकरू न्यायचा. त्याच्या आठवणींची पानं मागाहून. नव्या जागी तो कामाला लागतो, एखादं पान उघडायला जातो, तर पान गायब! मग त्या मागणाऱ्याला तिथल्या तिथे झोपवायचं, जुन्या जागेवरून पान आणायचं आणि त्याला इशारा करायचा: ऊठ, आलं! तो उठतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो.

बायको केक करते. त्या शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलला तीन मजली केक द्यायचा होता. मॅनेजरला आवडला तर हॉटेलचे सगळे केक कायमचे तिच्याकडे! आणि नेमकं त्याच दिवशी घर बदलायचं आलं.

"एक दिवस पुढे ढकल ना रे," ती म्हणाली.

"कशाला? तुझा ओव्हन पुढे, त्याच्यामागे तू. बाकी सामान लागेल तसं येईल. तुझं काम मिनिटभरही थांबणार नाही!"

मदतीला सासू-सासरे आले होते. मेहुण्याला गाडीसकट जुन्या घरी ठेवला आणि बाकीच्यांना नव्या घराच्या रिकाम्या हॉलमध्ये उभं करून मी नियम सांगितले. ज्याला जे लागेल ते त्याने मला सांगायचं आणि जागेवर बसून राहायचं. मी मेहुण्याला फोन करणार. तो वस्तू फाटकापर्यंत आणणार आणि फक्त मला कळवणार. मी वर आणून बेल वाजवली की उठायचं.

"मध्येच तहान लागली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"पेला मागवायचा!"

"आणि तो येईपर्यंत?"

"बसायचं!"

पहिली आली चाळणी. मी बेल वाजवली आणि अख्खं घर दारात! बायको पिठाच्या हातांनी, सासूबाई विणकामाच्या सुयांसाठी, सासरे गुडघा धरत चपलांसाठी. पुढे लोण्याच्या डब्यालाही तेच, साच्यांनाही तेच.

"जावईबापू," सासरे धापा टाकत म्हणाले, "माझ्या चपला येईपर्यंत पाय शिल्लक राहतील ना?"

हा दोष ऑफिसातही होतो. एक इशारा दिला की सगळेच जागे होतात. उपाय मला पाठ होता: ज्याचा त्याला वेगळा इशारा! बायकोला एक बेल, सासऱ्यांना दोन, सासूबाईंना तीन. मग सुया आल्या. मी तीनदा बेल वाजवली. पहिलीला बायको धावली, दुसरीला सासरे धडपडले, आणि सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत!

"अहो, तुमच्यासाठी तीन वाजवल्या ना!"

"मी मोजायला दुसरीपासून सुरुवात केली, दोनच भरल्या. मला वाटलं पहिली हिची."

शेवटी बेल बंद केली. ज्याची वस्तू त्याच्या खांद्यावर मी स्वतः हात ठेवायचा. आणि काय सांगू, घर लोण्यासारखं चालू लागलं! केकचे तिन्ही मजले भाजून निघाले, गार झाले. आता क्रीम फेटून चढवायचं, बस्स! बायकोने बीटर मागितला आणि शहाण्यासारखी खोक्यावर बसली. मी मेहुण्याला फोन केला. तेवढ्यात मोबाइल धाप टाकायला लागला म्हणून म्हटलं, "माझा चार्जरही आण रे."

आणि मोबाइलने डोळे मिटले.

आता नियम म्हणजे नियम! मीही वस्तू मागवली होती. तेव्हा मीही जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. घरात काय शांतता होती म्हणून सांगू! कोणी कोणाला हाक मारत नाही, कोणी शोधाशोध करत नाही. एवढ्या शिस्तीने वाट बघणारं कुटुंब मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला भरून आलं!

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बायको.

"काय करतोयस?"

"वाट बघतोय."

"कशाची?"

"चार्जरची. आला की उठणार."

"आणि आला हे तुला कोण सांगणार?"

"सोपं आहे. मेहुणा मला फोन करणार, मग मी..." इथे माझा आवाज जरा खाली आला. "मी मला सांगणार."

ती तडक जिना उतरून खाली गेली. फाटकाबाहेर गाडीत मेहुणा मांडीवर बीटर घेऊन घोरत होता.

"वर यायला काय झालं होतं तुला?"

"ताई, भाऊजी म्हणालेले, फक्त मलाच कळवायचं! केव्हापासून करतोय फोन, बंद लागतो."

पुढचा तास घरात कुठलाच नियम नव्हता. सगळे ओरडत होते, एकमेकांच्या हातून वस्तू हिसकावत होते. सासरे अनवाणी बर्फ आणायला धावले, सासूबाईंनी शेजारच्या बाईंकडून पिठीसाखर आणली. अत्यंत गलथान कारभार! आणि केक वेळेवर हॉटेलात पोचला.

मॅनेजरने एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून सगळे तुमचेच. निरोप कोणाला द्यायचा?"

"मला द्या. मी नसले तर भावाला, नाहीतर आईला, नाहीतर बाबांना."

"आणि हे?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे होय? यांना आधी कोणीतरी उठवावं लागतं!"

मी उलट उत्तर देणारच होतो. पण दोन्ही हातांत केकचं रिकामं खोकं होतं, आणि ते खाली ठेवा असं मला अजून कोणी सांगितलं नव्हतं.