दोन घागरींचा जलप्रलय

गौतमीने सगळं आखून ठेवलं होतं. चाळीस मिनिटांचा पाठ. पाच मिनिटं ओळख, पंधरा मिनिटं गोष्ट, दहा मिनिटं देखावा आणि उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं. कुठं हसायचं आणि कुठं डोळे मोठे करायचे हेसुद्धा तिने वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं.

"या पाठात चुकण्यासारखं आता काही उरलंच नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

श्रीमंत चाकूरच्या पंचायत समितीत क्लार्क होता. तिथं सोळा वर्षं काढलेला माणूस असल्या वाक्यावर काही बोलत नसतो. तो "हूं" म्हणाला आणि दाढीला बसला. वाटीभर पाण्यात.

गोष्ट अशी होती, की थायलंडच्या डोंगरात कुठंतरी एक ख्रिश्चन आंतरराष्ट्रीय शाळा होती आणि तिला दुसरीच्या वर्गावर बाई हवी होती. गौतमी मूळची नायगावची. लग्न होऊन चाकुरात आली आणि इथल्या विनाअनुदानित इंग्लिश मीडियममध्ये अकरा वर्षं दुसरीच शिकवत बसली. पोरं पुढं गेली, ती दुसरीतच राहिली. आतापर्यंत चार देशांत अर्ज करून झाले होते. कुणी साधी पोचही दिली नव्हती. या शाळेने मात्र उत्तर दिलं, आणि तेही गोड. तुम्ही बौद्ध आहात याची आम्हाला अडचण नाही, फक्त बायबलातल्या गोष्टी शिकवाव्या लागतील. तेव्हा नोहाच्या जलप्रलयाचा पाठ स्काइपवर आमच्या मुलांना घेऊन दाखवा. आवडला तर ऑगस्टपासून रुजू व्हा.

राहायला घर मिळणार होतं. लेकीला त्याच शाळेत प्रवेश मिळणार होता. आणि घराचा जो फोटो आला होता, त्यात स्वयंपाकघरात एक नळ होता. गौतमी तो फोटो रोज मोठा करून बघायची. नळाखाली भांडं नव्हतं. नळाखाली काहीही न ठेवता माणसं निवांत झोपतात, असा तो देश होता.

इकडं दोन हजार सोळाचा एप्रिल चालू होता. लातूरला पाणी रेल्वेने आलं, त्याचे फोटो पेपरात येत होते. गौतमीच्या गल्लीत टँकर यायचा, चार दिवसाआड. त्यामुळे पाठातल्या सगळ्यात अवघड भागासाठी तिला सासूकडे जावं लागलं.

"आत्या, दोन घागरी पाणी पाहिजे."

सरजाबाई तांदूळ पाखडत होत्या. "कशाला?"

"पूर आणायचाय."

सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "कुठं?"

"तुमच्या घंगाळात. पाठात दाखवायचाय. देवाने सगळ्या जगावर पूर आणला. नोहा नावाचा माणूस होता, त्याने मोठी नाव बांधली आणि जनावरांची एकेक जोडी आत घेतली."

"आन् बाकीची माणसं?"

"बुडाली."

"एवढं पाणी आणलं कुठनं?"

"चाळीस दिवस पाऊस पाडला."

सरजाबाईंनी सूप पुन्हा उचललं. "चाळीस दिवस," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं ढग येतो त्यो बी नुसता डोकावून जातो, चूल पेटली का न्हाई बघायला आलेल्या शेजारणीवानी. इचार त्यांच्या देवाला, उरलं असंल काही तर."

पाणी मिळालं. पण सरजाबाईंच्या राज्यात कोरं पाणी कुणाला मिळत नसे. तिथं पाण्याला तीन जन्म होते. अंघोळ परातीत बसून व्हायची, त्या पाण्यात धुणं निघायचं आणि धुण्याचं पाणी संडासात जायचं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी शेळीचं. त्या शेळीच्या पाण्यातलंच तीन दिवस थोडं थोडं साठवून त्यांनी घंगाळ भरलं. पाणी गढूळ होतं आणि त्याला आंबूस वास येत होता.

"पुराचं पाणी असंच ऱ्हातं," सरजाबाई म्हणाल्या. "पर ध्यानात ठेव, पाठ झाला की हे चंपीचं. दहाला पाणी पिती ती."

पाठ मंगळवारी, दहालाच होता. पण एवढ्या बारीक गोष्टीकडे गौतमीने लक्ष दिलं नाही. तिला काळजी होती टँकरची. मोबाइलला रेंज यायची ती फक्त पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आणि पाण्याचा मोठा ड्रमही त्याच खोलीत होता. गेल्या महिन्यात कुणीतरी अंगणातला अर्धा ड्रम उपसून नेला, तेव्हापासून गल्लीतली सगळी पिंपं घरात आली होती आणि दागिने बाहेर राहिले तरी चालतील अशी अवस्था होती. टँकर आला की पंढरी ड्रायव्हर पाइप थेट खिडकीतून आत टाकायचा. म्हणून गौतमीने आदल्या रविवारी पंढरीला रस्त्यात गाठून विचारलं होतं.

"बाई, गुरुवारी चारला," पंढरी म्हणाला. "मंगळवारी मी इकडं फिरकत बी न्हाई."

आणि तो खोटं बोलला नव्हता. मंगळवारी तो दुसऱ्याच गावाला निघाला होता. पण त्या दिवशी नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी लोकांनी रस्ता अडवला. जिल्हा झाल्याशिवाय चाक हलू देणार नाही म्हणाले. भरलेला टँकर उन्हात उभा करून जिल्हा होण्याची वाट बघण्यापेक्षा पंढरीने तो फिरवला आणि गौतमीच्या गल्लीकडं घेतला. तसं बघितलं तर शहाणपणाचंच काम केलं त्याने.

दहा वाजता पडद्यावर अठरा पोरं दिसली. सगळी मांडी घालून बसलेली. मागं खुर्चीत मुख्याध्यापिका मार्था मॅडम, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर कागद आणि हातात पेन. गौतमीच्या मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ड्रम, बाजूला बाज, आणि पुढ्यात घंगाळ. घंगाळात पुठ्ठ्याची नाव. नावेभोवती कागदाचे हत्ती, उंट, जिराफ, सगळे जोडीजोडीने. लेकीने रात्रभर कातरले होते.

पहिली वीस मिनिटं अशी गेली, की गौतमीला स्वतःचाच अभिमान वाटला. इंग्रजी घडाघडा चाललं होतं. लाल पेनाने लिहिलेल्या जागी ती हसली, पोरंही हसली. मार्था मॅडम मान हलवून कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

"पाणी असं मातकट का आहे?" चष्मा लावलेल्या एका मुलाने विचारलं.

"पुराचं आहे म्हणून," गौतमी म्हणाली. मार्था मॅडमनी पुन्हा काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात चंपी आत आली. दार लोटलेलं होतं, तिची वेळ टळून गेली होती आणि तिचं पाणी समोर होतं. तिने घंगाळात तोंड घातलं आणि जलप्रलय प्यायला सुरुवात केली. गौतमी एका हाताने तिचं शिंग ढकलत होती आणि तोंडाने नोहाचं कौतुक सांगत होती. शेळीला ढकललेलं समजत नाही. तिने पाण्यातून तोंड वर काढलं आणि तोंडी लावायला जिराफ घेतला.

"टीचर, शेळीने जिराफ खाल्ला," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

गौतमी अकरा वर्षांची मुरलेली मास्तरीण. "म्हणूनच देवाने नोहाला दोन-दोन घ्यायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

वर्ग खूश झाला. मार्था मॅडमही हसल्या.

"टीचर, आता दुसरा पण खाल्ला."

गौतमीने वहीचं पान उलटलं. आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

त्या हॉर्नला गल्लीत कसं उठतात ते ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ताटावरची माणसं उठतात. आजारी उठतात. घागरींचा असा खणखणाट झाला, जणू भांड्याचं दुकान जिन्यावरून गडगडत चाललंय. खिडकीत शेजारची धोंडाबाई आली, दोन्ही कडेला घागरी.

"मास्तरीणबाई, टँकर आलाय. बसून काय राहिलीस?"

गौतमीने डोळ्यांनी खूण केली. धोंडाबाईने खिडकीतून वाकून पडद्यात बघितलं.

"पाव्हणे हायेत व्हय? सांग की तसं. नमस्कार पाव्हणं."

"नमस्कार," अठरा पोरं एका सुरात म्हणाली.

"गुणाची लेकरं हायेत," धोंडाबाई म्हणाली, आणि तिला बाजूला सारून खिडकीतून पंढरीचा पाइप आत आला. लॅपटॉपवरून, गौतमीच्या खांद्यावरून, काळा आणि जाडजूड.

"साप!" पोरं आनंदाने ओरडली.

"एकच आहे. दुसरा कुठं आहे?" चष्मेवाल्याने विचारलं. हिशेबाचा पक्का होता.

"बाई, तुमचा नंबर पहिला. धरा लवकर," बाहेरून पंढरी म्हणाला.

सरजाबाई पळत आल्या, त्यांनी पाइपाचं तोंड ड्रममध्ये धरलं आणि पाणी सुटलं. गौतमीच्या मागं धोधो आवाज व्हायला लागला. तिने आवाज चढवला आणि म्हणाली, ऐका मुलांनो, असा पाऊस पडत होता. खरं सांगायचं तर इथपर्यंतसुद्धा सगळं सावरलं असतं. मार्था मॅडम पुढं सरकून बसल्या होत्या, त्यांचं पेन थांबलं होतं, आणि गौतमीला तो नळ डोळ्यांसमोर अगदी स्वच्छ दिसत होता.

"तुमच्या मागं त्या कोण आहेत?" मार्था मॅडमनी विचारलं.

"माझ्या सासूबाई."

मार्था मॅडमना थायलंडात वीस वर्षं झालेली. तिथली रीत त्यांच्या अंगात मुरलेली. समोर वयाने मोठी बाई दिसताच त्या खुर्चीतून उठल्या, दोन्ही हात छातीशी जोडले आणि खाली वाकल्या.

सरजाबाईंनी ते बघितलं. त्यांच्या पासष्ट वर्षांच्या जन्मात कुठल्या गोऱ्या मॅडमने तर सोडाच, तलाठ्याच्या बायकोनेही त्यांना आधी हात जोडले नव्हते. आणि त्यांच्या घरात लहानपणापासून शिकवण अशी, की समोरच्याने मान दिला तर तो एका हाताने परत करायचा नाही. एका हाताने करतात तो सायबाचा सलाम.

सरजाबाई ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"जयभीम," त्या म्हणाल्या.

पाइप उसळी मारून ड्रमच्या बाहेर आला. आधी त्याने बुद्धाच्या तसबिरीखालची भिंत धुतली, मग बाजेवरची गोधडी, मग घंगाळाला असा धक्का दिला की नाव, नोहा आणि उरलेली जनावरं थेट उंबऱ्याकडं निघाली.

"पंढरी, बंद कर," गौतमी ओरडली. तेही इंग्रजीत. पंढरीला काय कळतंय.

"पाणी सांडलं गं!" धोंडाबाईने खिडकीतून हाळी दिली.

आग लागली म्हटलं असतं तर गल्लीतले निम्मे आले असते. पाणी सांडलं म्हटल्यावर सगळे आले. दहा-बारा बाया खोलीत घुसल्या. कुणी वाटी, कुणी सुपली, कुणी ताट घेऊन फरशीवरचं पाणी भरायला लागली. धोंडाबाईने गोधडी उचलली आणि दुसरीला टोक देऊन ती घागरीवर पिळली. चंपी घाबरून बाजेवर चढली. तिला उतरवायला सरजाबाई चढल्या आणि घसरायच्या भीतीने तिला धरून तिथंच बसल्या. गौतमी घोट्याइतक्या पाण्यात, लॅपटॉप डोक्यावर धरून, मुलांना सांगत होती की नोहाने धीर सोडला नाही.

"टीचर, आजी आणि शेळी नावेत बसल्या आहेत," दोन वेण्यांचा आवाज डोक्यावरून आला. मग टाळ्या वाजल्या. मग रेंज गेली.

पंढरीने व्हॉल्व बंद केला तेव्हा ड्रम निम्माच भरला होता. बाकीचं पाणी बायांनी गोळा केलं. गोधडीतलं एका घागरीत, फरशीवरचं दुसऱ्या, आणि कुणाचं किती यावरून भांडण न करता ते सरजाबाईंच्या दारात आणून ठेवलं. गाळ खाली बसला की वापरता येईल म्हणाल्या. गौतमी ओल्या बाजेवर बसून होती.

संध्याकाळी श्रीमंत घरी आला. त्याने चपला काढल्या आणि खाली बघितलं.

"फरशी पुसली का आज? किती दिवसांनी रंग दिसला."

गौतमी त्याच्याशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलली नाही.

शुक्रवारी मेल आला. तो लांबलचक होता. गौतमी उभ्या उभ्याच तो सासूला मराठीत करून सांगायला लागली.

"म्हणतात, आमच्या शाळेत आजवर झालेला हा सगळ्यात जिवंत पाठ. मुलं अजून त्याच्याबद्दलच बोलतात. त्यांनी चाकूरसाठी प्रार्थना केली."

"चांगलं केलं."

"बाया गोधडी पिळून पाणी काढताना बघून आम्ही सगळे रडलो."

"त्यात रडण्यासारखं काय हाय? पुढं."

गौतमीने पुढं वाचलं. मग तेच पुन्हा एकदा मनात वाचलं. "म्हणतात, अशा शिक्षिकेला तिच्या माणसांमधून उचलून आणणं आमच्या मनाला पटत नाही. तुमची खरी गरज तिथं आहे. देवानेच तुम्हाला तिथं ठेवलं आहे."

"म्हंजी घेत्यात का न्हाई?"

"न्हाई."

"मग एवढं लांब कशापायी लिवलं?" सरजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पाइपावरचा हात म्या सोडला, बाई."

"तुम्ही बरोबरच केलं, आत्या," गौतमी म्हणाली. आणि तिला स्वतःलाच राग आला, कारण ते खरं होतं.

श्रीमंतने मेल दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, ऑफिसात परिपत्रक वाचतो तसा.

"हे नाही म्हणणं नव्हे," तो म्हणाला. "देवाने इथं ठेवलंय म्हणतात. म्हणजे नेमणूक झाली. नेमणूक म्हटलं की बदली आलीच. विनंती बदलीचा अर्ज टाक."

गौतमीला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो कागद शोधत होता. तेव्हा ती चिडली, आणि चिडलेल्या माणसाने करू नये ते तिने केलं. खरोखर बसून शुद्ध इंग्रजीत अर्ज लिहिला. देवाने केलेल्या नेमणुकीबद्दल मी आभारी आहे, या ठिकाणी माझी अकरा वर्षं सलग सेवा झालेली आहे, तरी थायलंड येथे बदली मिळावी. कारण, पाणी. आणि राग ओसरायच्या आत पाठवूनही दिला.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. ती रोज मेल उघडते आणि मिटते. श्रीमंतला मात्र काळजी नाही. त्याचं म्हणणं, इतक्यात कुणाच्याच बदल्या होत नसतात. यादी लागते ती मे महिन्याच्या अखेरीस.