न उचलायचा फोन

आमच्या बुधाअण्णांच्या घरी फोन वाजला, की तो उचलायचा नाही असा नियम आहे. एकदा सवयीने मी हात पुढे केला, तर अण्णांनी तो वरच्यावर धरला. "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. वाजतोय न्हवं? बास झालं."

दोनदा वाजून फोन गप्प झाला. अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं, संध्याकाळचे सात वाजले होते. मग निवांतपणे त्यांनी चहा बशीत ओतला.

अण्णा मूळचे डोंगरातल्या आहुपे गावचे. आमच्या अवसरी बुद्रुकच्या शाळेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. मी त्याच शाळेत मास्तर होतो. शाळेची घंटा त्यांनी कधी मिनिटभर उशिरा दिली नाही आणि रिटायर झाल्यावर मला कधी मिनिटभर स्वस्थ बसू दिलं नाही, कारण त्यांचे अर्ज मलाच लिहावे लागतात.

अर्जाचा विषय कायम एकच. टीव्हीवर बैलगाड्यांच्या शर्यती बघायला अण्णांनी इंटरनेट घेतलं. ते फोनच्याच तांब्याच्या तारेतून यायचं, म्हणून नेटच्या पैशांखेरीज फोनचं भाडंही बिलात लागायचं. तिथे अण्णांचं डोकं फिरायचं.

"फोन मी लावीत न्हाई, उचलीत न्हाई. मंग भाडं कशाचं?" मंचरच्या टेलिफोन ऑफिसात ते विचारत.

"तार आहे म्हणून नेट आहे, अण्णा," काउंटरवरच्या बाई समजावत.

"मंग नेटचं घेताय त्यात तार आलीच की! यष्टीचं तिकीट काढल्याव चाकाचं येगळं मागत्यात व्हय?"

बाई बिलावर शिक्का मारून मोकळ्या होत. खरं सांगायचं तर मलाही अण्णांचंच पटायचं. पण मग हा फोन बंदच करून टाका, शर्यती मोबाइलवर बघा, असं म्हटलं की अण्णा कानावर टोपी ओढून घेत. "त्यो इषय येगळा."

परवा लाइनमन दारात आला. "अण्णा, जिंकलात राव! फायबर आलंय. तांब्याची तार काढतोय. भाडं बंद!"

मला वाटलं, आता अण्णा पेढे वाटणार. त्यांनी तर लाइनमनची बाहीच धरली. "आन नंबर?"

"त्ये ऑफिसात इचारा," म्हणत तो खांबावर चढलासुद्धा.

संध्याकाळी गेलो, तर अण्णा त्या बंद फोनसमोर बसलेले. सात वाजून गेले आणि ते आपणहून बोलू लागले. त्यांची धाकटी बहीण ठमा आहुप्याला एकटीच राहते. तिच्या घरात रेंज नाही, त्यामुळे तिला इकडून फोन लागत नाही. लिहिता-वाचता येत नाही, पण हा एवढा एकच नंबर तिला तोंडपाठ. रोज संध्याकाळी ती टेकाडावर चढते आणि दोन घंट्या देऊन बंद करते. दोन म्हणजे बरी आहे. तिसरी वाजली तरच उचलायचं, म्हणजे काहीतरी झालंय. फोनवर बोलणं महाग होतं तेव्हाचं हे ठरलेलं.

"अहो, मग आता तरी बोला की!"

"बोललं की रडती वो ती. मंग मला भाकर ग्वाड लागत न्हाई."

एवढी वर्षं या माणसाला मी चक्रम समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

सकाळी मी नवा अर्ज लिहिला: 'माझ्याकडून भाडे घ्यावे, पण नंबर ठेवावा.' बाईंनी तो दोनदा वाचला आणि हसू आवरत म्हणाल्या, "अण्णा, फायबरवरही नंबर तोच राहतो. भाडंही नाही. तुमचा जुना फोन फक्त नव्या डब्याला जोडायचा."

"लिवून द्या," अण्णा म्हणाले.

दुपारी जोडणी झाली. सातला फोन वाजला. एक. दोन. आमचा जीव भांड्यात पडतोय तोच तिसरी घंटी झाली.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी झडप घालून रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"दादा! काल फोन लागला न्हाई रं. तू बरा हाईस ना?"

"बरा हाय गं, लई बरा हाय," अण्णा म्हणाले, आणि रडले ते स्वतःच. डोळे टोपीने पुसत त्यांनी तिला दम भरला, "उद्या दोनच वाजीव हां."

रिसीव्हर मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. तिकडे ठमाही बोलतच होती. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.