रॅकवर उरलेला डबा

“सगळे सुखरूप आहेत म्हण! भोयर, अरे म्हण ना एकदाचं!”

मॅनेजरसाहेब फाटकावरच्या केबिनीत ओरडत होते. मागे भट्टीच्या शेडमधून काळा धूर निघत होता, फाटकाबाहेर बायामाणसं दाटली होती. माईक भोयरकाकांच्या हातात होता आणि काका रॅककडे पाहत होते.

“एक डबा आहे, सायेब. मले दिसून राहिला.”

उमरेड रोडवरच्या आमच्या बिस्किट कारखान्यात मी हजेरीचा कारकून, काका फाटकावर. काका खाकरले की तिकडे धरमपेठेतली कबुतरं उडायची, असा आवाज. त्यात कंपनीनं त्यांना लाउडस्पीकर दिला! “भट्टीवाले रामटेके, डब्यातून मेथीचा वास येऊन राहिला, लवकर या,” हे अर्ध्या नागपूरनं ऐकलेलं आहे.

कामावर येताना प्रत्येकानं डबा काकांच्या रॅकवर ठेवायचा, उचलताना तोंड दाखवायचं. काकांचं एकच पालुपद: “पाह्यलं तेच सांगन.” साहेब आहेत का, असं फोनवर कोणी विचारलं तर काका सांगायचे, “जोडे दाराबाहेर आहेत. पुढचं मले माहीत नाही.” एका समारंभात ‘पाहुणे येतच आहेत’ असं सांगायला नकार देऊन त्यांनी साहेबांना तासभर घामानं भिजवलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी भट्टीजवळ गॅस पेटला. माणसं सैरावैरा बाहेर आली. काकांनी दरडावून एकेकाला केबिनीशी आणलं, डबा हातात दिला आणि माईकवर नाव पुकारलं. नाव ऐकलं की बाहेरची एखादी बाई मटकन खाली बसायची. मी हजेरीचं रजिस्टर शोधत होतो. ते आतच जळत होतं.

शेवटी रॅकवर एक डबा राहिला. रामटेकेची बायको शोभा फाटकाच्या गजांना धरून उभी होती.

“काकाजी, आमचा डबा उचलला का जी?”

“आत कोणी नाही!” साहेबांनी मध्येच सांगून टाकलं. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. ज्वाळा विझल्या, नुसता धूर उरला, तसे ते पाइप गुंडाळायला लागले होते.

काकांनी माईक तोंडाशी धरला. असा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“नाही वं बाई. डबा इथंच आहे. रामटेकेले मी पाह्यलं नाही. बंबवाले भाऊ, एक माणूस आत आहे.”

बंबवाले परत आत घुसले. रामटेकेला उचलून आणलं तेव्हा श्वास चालू होता. शोभा ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याजवळ बसली. दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

साहेबांनी काकांचा माईक काढून घेतला. आठव्या दिवशी मी केबिनीत गेलो तर काका तो डबा घासत होते. शोभाकडे पोचवायचा होता.

“काका,” मी म्हटलं, “साहेबाच्या तोंडावर एवढा हट्ट काहून केला?”

त्यांनी डबा पालथा घातला.

“माह्या बापाच्या वेळी, खाण ढासळली तवा, खाणीवाल्यानं सांगितलं होतं, सगळे सुखरूप आहेत. मायनं बापाच्या वाट्याच्या भाकरी तव्यावर टाकल्या होत्या.”